साहेबांचे बूट बांधावर राहिले

एव्हरार्डसाहेब विलायतेत घोड्यावरून पडून वारले. पत्र श्रावणात आलं, त्याला तीन आठवडे झाले. रडू येईल म्हणून वाट पाहिली. पण साहेब आठवले की छाती धडधडते आणि हसू फुटतं, त्याला मी काय करू?

ठाण्यास मी त्यांचा मुनशी. परीक्षेपुरतं मराठी शिकवायचं, एवढंच माझं काम. बड्या सरदार घराण्यातले धाकटे, रिसाल्यात कॅप्टन, आणि जीभ घोड्यापेक्षा बेलगाम! कर्नलला भर पंगतीत म्हणाले, "तुम्हाला घोड्यातलं काही कळत नाही." झाली चौकशी. मग पैजेखातर परेडीतून घोडा उधळला. दुसरी चौकशी. आता तिसरीत दोषी ठरले तर गणवेश उतरवायचा, अशी ताकीद मिळाली.

आणि कल्याणच्या खाडीवर शिकारीत कोल्हा उठला! पुढे साहेब, मागे तट्टावर मी, पगडी कुठे, मी कुठे... काय दौड ती! कोल्हा मिठागरात शिरला, पाठोपाठ घोडा. बांध फुटला, भरतीचं पाणी घुसलं आणि सोमा आगऱ्याचं पिकलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळलं. त्यानं तक्रार केली. चौकशीत दुभाषी मीच. साहेबांचे एक स्नेही मला हळूच म्हणाले, "बांध आधीच फुटका होता, असा तर्जुमा करा." मी तडक साहेबांकडे गेलो. साहेबांना विचारलं, तर ते ताडकन उठले. "मुनशीजी, सोमा बोलेल तेच बोला. नाहीतर शिकवणी बंद!"

मी शब्दाला शब्द बोललो. माझ्या तोंडानं त्यांचा गणवेश गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब मिठागरावर हजर. आगराची जमीन पायांनी तुडवून पुन्हा घट्ट करायची होती. बाया-बाप्ये रांगेनं उभे होते. सोमा बांधावरच आडवा आला. "सायेब, आगरान बूट नाय चालत. उघड्या पायानं ये."

बूट निघाले! सरदाराचं पोर गुडघाभर चिखलात, गाण्याच्या ठेक्यावर पाय आपटतंय, ठेका चुकला की बाया खिदळतायत... फुटक्या बांधापायी छावणीनं नुसता गणवेश घेतला होता, या चिखलानंतर ओळखही दिली नाही. साहेब अनवाणीच परतले आणि पुढच्याच बोटीनं विलायतेला गेले. बूट सोमानं माझ्याकडे आणून दिले.

खारं पाणी प्यालेलं ते कातडं पावसाळ्यात अजूनही ओलावतं. पत्र वाचून मी ते पुसायला बसलो. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आता कुणासाठी?"

मी पुसतच राहिलो. साहेब चिखलात उतरले त्या दिवशी सोमानं मलाही हाक मारली होती, "मुनशी, तू पन ये." मी बांधावरच छत्री धरून उभा राहिलो, जोडे पायांत. यंदा आगर तुडवायला घेतलं की जाणार आहे. जोडे काढून.