प्रभुभोजनाची थाळी

आमच्या घरात बायबल कपाटात ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. ते जेवणाच्या टेबलावर असायचं, लोणच्याच्या बरणीशेजारी, आणि त्याच्या कडांना तेलाचे डाग पडलेले असायचे. आईचं म्हणणं असं की जे वचन घरात वागायला उपयोगी पडत नाही, ते देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाऊन ऐकण्यात काही अर्थ नाही. ती एका दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी संपवून घरी यायची, चप्पल काढायची आणि आमच्यावर शास्त्र लागू करायची. पोलीस एखादं कलम लागू करतात ना, अगदी त्याच थाटात.

सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा, हे तिचं सगळ्यात लाडकं कलम. मी आणि माझा धाकटा भाऊ सुट्टीत दुपारभर भांडायचो. सोलापूरचं ऊन, त्यात बाहेर पडायची बंदी, दुसरं करणार तरी काय? पाण्याच्या टाकीमागे सूर्य गेला की आई अंगणातून हाक मारायची. मग आम्ही एकमेकांचा हात धरायचा, मी तुला क्षमा केली असं म्हणायचं आणि वर एक प्रार्थना. भाऊ माझी बोटं अशी आवळायचा की डोळ्यांत पाणी यायचं, पण चेहरा मात्र साधुसंताचा. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, म्हणजे भांडायला वेळ जास्त मिळतो, हा शोध आम्ही दोघांनी मिळून लावला होता. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

शेजाऱ्यावर प्रीती करायची ती नळाला पाणी येईल त्या दिवशी. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. शेजारच्या चाचींकडे मोटर नव्हती, म्हणून आमचा पाइप आधी भिंतीवरून त्यांच्या पिंपात जायचा. पप्पा पुटपुटायचे की प्रीती करावी, पण आपली टाकी भरल्यावर. आई पाइप आणखी थोडा पलीकडे ढकलायची. चाची ईदला शीरखुर्म्याचं पातेलं पाठवायच्या, नाताळात आमच्या करंज्यांचा डबा त्यांच्याकडे जायचा, आणि डबा परत येताना कधीच रिकामा नसायचा.

आता मी माझ्या घरात माझ्या पोरांना तसंच हात धरून उभं करते. एका हातात मोबाइल धरून ती दुसऱ्या हातानं क्षमा करतात. मला हसू येतं, आणि त्या अंगणाची फार आठवण येते.

पण या सगळ्या कलमांमधून एक माणूस सुटला होता, आणि तो आमच्याच घरात होता. पप्पा.

पप्पा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. देवळात त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. गीत सुरू करताना पेटीवाला आधी त्यांच्याकडे बघायचा. प्रार्थनेला ते कधी चुकले नाहीत, दशमांश, म्हणजे देवळात द्यायचा पगाराचा दहावा हिस्सा, चुकला नाही. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, तेव्हा ते वेगळेच होऊन जायचे. आमच्या मंडळीत त्या दिवशी पावाच्या तुकड्यांची थाळी बाकांवरून फिरते. प्रत्येकानं एक तुकडा घ्यायचा आणि थाळी शेजारच्याच्या हातात द्यायची. पप्पांच्या हातात थाळी आली की ते ती दोन्ही हातांनी नीट धरायचे, मान खाली घालायचे आणि काही न घेता पुढे द्यायचे. मग येणाऱ्या द्राक्षरसाच्या प्याल्यांचंही तेच. सगळी मंडळी बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पप्पांचे धाकटे भाऊ, माझे काका, दुधनीला राहायचे, मोंढ्याजवळ त्यांचं शिलाईचं दुकान होतं. आजी शेवटची काही वर्षं त्यांच्याकडेच होती. दुष्काळाचं वर्ष होतं, पप्पांना टँकरच्या फेऱ्यांवर देखरेख ठेवायला सांगोल्याकडे पाठवलं होतं, आणि तिथल्या वाड्यावस्त्यांवर तेव्हा फोनला रेंज नसायची. मे महिन्यात एका पहाटे आजी गेली. काकांनी निरोपावर निरोप पाठवले, ते पप्पांपर्यंत पोचायला दुपार झाली. ते दुधनीला पोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि कबरीवर माती सारखी करून झाली होती. आपल्या आईचं तोंड त्यांना दिसलं नाही. आपल्या हातानं मूठभर माती टाकायची, तीही राहिली. मी तेव्हा लहान होते, आई आम्हाला घेऊन आधीच दुधनीला पोचली होती, पण पप्पा कबरीपाशी उभे राहून काकांना काय म्हणाले ते मला पक्कं आठवतं. "तू माझ्यासाठी थांबला न्हाईस. आता माझ्यासाठी तू बी न्हाईस." आम्ही त्याच रात्रीच्या गाडीनं परत आलो.

त्यानंतर पप्पांनी थाळीतलं काही घेतलं नाही. त्यालाही त्यांच्याकडे शास्त्राचाच आधार होता. वेदीपाशी अर्पण घेऊन जावं आणि तिथं भावाशी असलेलं वैर आठवावं, तर अर्पण तिथंच ठेवावं, अशी शिकवण आहे. पप्पांनी तेवढं घट्ट धरलं. आपल्या मनात भावाविषयी राग आहे, मग आपण प्रभूच्या मेजाला शिवायचं नाही. माझ्या मते त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. खोटेपणानं तुकडा तोंडात टाकणाऱ्यांपेक्षा आपण बरे, असं त्यांना वाटत असावं. पाळकसाहेब एकदोनदा घरी येऊन समजावून गेले. पप्पांनी त्यांना चहा पाजला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि दारापर्यंत पोचवलं.

अशी वर्षं गेली. मी कॉलेजात गेले आणि माझं दृढीकरण झालं, म्हणजे मला प्रभुभोजन घ्यायची परवानगी मिळाली. त्या रविवारी मी आईची रेशमी साडी नेसले होते. थाळी आईकडून माझ्याकडे आली. आयुष्यातला पहिला तुकडा मी घेतला आणि थाळी पप्पांकडे दिली. मला वाटलं होतं, आज पोरीच्या हातून आली आहे, आज घेतील. त्यांनी मान खाली घातली आणि थाळी पुढे दिली. मला इतकं वाईट वाटलं की तो तुकडा माझ्या तोंडात विरघळेना. देवळात रडायचं नाही म्हणून मी समोरच्या बाकावरचा खिळा बघत बसले.

घरी आल्यावर मी जेवले नाही. पप्पांनी विचारलं तेव्हा सांगून टाकलं की मला तुमची लाज वाटली नाही, पण मला तुमच्यासाठी फार वाईट वाटलं. पप्पा नेहमीचंच म्हणाले, मनात राग ठेवून प्रभूच्या मेजाला हात लावणं पाप आहे, शास्त्रात लिहिलं आहे. इतकी वर्षं या विषयावर आई एक अक्षर बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं आमटीचा डाव पातेल्यात ठेवला आणि म्हणाली, "अहो, थाळी म्होरं ढकल असं कुटं लिहिलंय? अर्पण तितंच ठेव आन् भावाकडं जा, असं लिहिलंय की. तुमी आर्धंच पाळताय."

पप्पा उठून हात धुऊन आले. दुपारभर ते पलंगावर पडून होते, पण झोपलेले नव्हते, कारण घोरणं ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं की पुढच्या शनिवारी तुला कॉलेज आहे का. नव्हतं. मग म्हणाले, दुधनीला जाऊ, तू सोबत चल.

शनिवार उजाडेपर्यंत तीन आठवडे गेले, कारण दर शनिवारी पप्पांना कसलं तरी काम निघत होतं. कधी कचेरी, कधी पित्त. शेवटी पहिला रविवार तोंडावर आला तेव्हा आईनं डबा भरून आमच्या हातात दिला आणि दाराला आतून कडी घातली. आम्ही एसटीत बसलो. वळसंगला गाडी थांबली तेव्हा पप्पा म्हणाले की इथंच उतरून परत जावं, एवढ्या उन्हात तुला कशाला त्रास. मी म्हटलं, मला त्रास नाही आणि आईनं कडी घातली आहे. अक्कलकोट मागे पडल्यावर ते ओठ हलवत होते, प्रार्थना करत होते की काकांना काय सांगायचं त्याची उजळणी करत होते, कोण जाणे. मला एवढंच म्हणाले, "मी त्याला क्षमा करनार हाय. मोठा हाय मी. मोठ्यानं मोठेपना करायला पायजे."

काकूंनी दार उघडलं. त्या सीमेपलीकडच्या कानडी घरातल्या. पप्पांना बघून त्यांनी आधी पदर सावरला, मग बर्री, बर्री, म्हणजे या, या, म्हणत त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि पाण्याचा तांब्या आणला. काका दुकानातून आले, गळ्यात टेप तसाच. किती म्हातारे दिसत होते ते. पप्पांनी घसा साफ केला आणि पाठ केलेलं सगळं म्हटलं. तू थांबला नाहीस, मला फार लागलं, पण प्रभूच्या नावानं मी तुला क्षमा केली.

काका खाली बसले. गळ्यातला टेप काढून बोटाला गुंडाळू लागले. बराच वेळ ते गुंडाळतच होते.

"दादा, तू एका दिवसासाठी रुसलास," ते म्हणाले. "आई दोन वरसं हितं हातरुनाला खिळून हुती. हिनं तिचं सगळं केलं, हागनं-मुतनं काढलं. ती रोज तुझं नाव घ्यायची. म्या रोज सांगायचो, यील, दादा यील. मेल्यावर तोंड बघायला आलास. जित्यापनी किती डाव आलास?"

काकू कानडीत काकांना काहीतरी म्हणाल्या, बहुधा राहू द्या असं. काका थांबले. ते ओरडले नव्हते, त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणं कठीण होतं. मला पप्पांकडे बघवेना. मला पप्पांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारावीशीही वाटली. त्यांनी नोकरीचं, रजेचं, टँकरचं कारण सांगायला तोंड उघडलं, मी त्यांना ओळखते, आणि मग मिटलं. ते उठले. काकूंपुढे जाऊन त्यांनी दोन्ही हात जोडले. मग काकांकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं."

काका टेप खुंटीला अडकवायला उठले. जेवण झालं. बोलणं झालं ते दुकानाचं, तुरीच्या भावाचं, माझ्या अभ्यासाचं. काकूंनी मला आजीची एक धुऊन घडी घातलेली ओढणी दिली, आजी म्हातारपणी डोक्यावरून घेऊन देवळात जायची ती. निघताना पप्पा दारात घुटमळले आणि म्हणाले, उद्या आमच्याकडे प्रभुभोजन आहे. काका म्हणाले की लग्नसराई आहे, शिलाईचा ढीग पडलाय. बरं, पप्पा म्हणाले.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. अक्कलकोट आलं तेव्हा म्हणाले की त्या वचनात आपल्या मनातल्या रागाचं काही लिहिलेलंच नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर, असं लिहिलं आहे. "एवढी वरसं म्या माझंच नाव तिथं वाचत हुतो," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला. लहानपणी भाऊ धरायचा तसा आवळून नाही, नुसता धरला.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी गीत सुरू केलं नाही. पेटीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, वाट पाहिली आणि स्वतःच सुरू केलं. मला कळेना की आज ते थाळीतून घेतील की नाही. आईनं मला खुणेनं विचारलं, मी खांदे उडवले. पप्पांनी आपलं सांगून टाकलं होतं, पण क्षमा मागणं एकाच्या हातात असतं आणि करणं दुसऱ्याच्या, आणि दुसरा दुधनीला मशीनवर बसला होता. उपदेश संपत आला होता तेव्हा बाजूचं दार वाजलं. मंडळीतल्या चार माना वळल्या. काका आत आले, इस्त्रीचा पांढरा सदरा, पायावर एसटीची धूळ, मागे काकू. काकू मागच्या बाकावर जागा मिळाली तिथं बसल्या. काका आमच्या बाकाशी आले. पप्पा खिडकीकडून थोडे आत सरकले, आणि काका त्यांच्या शेजारी बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी थाळी खिडकीच्या बाजूनं आली. काकांनी एक तुकडा घेतला आणि थाळी पप्पांपुढे धरली. पप्पांनी मान खाली घातली. सवयीनं त्यांचे हात थाळी पुढे द्यायला वर आले. पण काकांनी थाळी सोडली नाही. ती धरून ते बसून राहिले. पुढच्या बाकावरची माणसं आपला तुकडा हातात घेऊन थांबली, पाळकसाहेबही थांबले.

मग काका, मला आणि आईला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "घे की, दादा. म्या थांबलोय."