मेथीच्या दोन जुड्या

एम.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकलला मी घरच्या मळ्यातल्या मेथीच्या दोन जुड्या घेऊन गेले. एक गावठी, लालसर देठांची. दुसरी नव्या बियाण्याची, हिरव्यागार देठांची. भाजी आमच्या घरचीच, तेव्हा नमुन्याची मला काळजी नव्हती.

पानांचा रस जेलच्या पातळ थरावर घालायचा, वीज लावायची, मग रंग द्यायचा. एकाच एन्झाइमची वेगवेगळी रूपं आपापल्या जागी तपकिरी पट्टे होऊन उमटतात. सरावात गावठीचे दोन पट्टे आले होते आणि नवीचे तीन; त्यांतला एक दोन्हींत सारखा. परीक्षेत दोन्ही रकान्यांत चार-चार आले, अगदी सारखे. दुसरा जेल चालवायला तीन तास लागणार आणि चारला लोडशेडिंग. सरावाची आकृती पाठ होती, तीच काढावी असं दहादा मनात आलं. पण जेल समोर पडलेला असताना खोटं काढायचं म्हणजे स्वतःचाच संताप आला. मी चार-चार पट्टे काढले.

बाहेरून आलेले परीक्षक बराच वेळ वाकून बघत होते.

"या दोन वेगळ्या जाती कशावरून?"

"घरून आणल्यात सर," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

त्यांनी उरलेल्या जुड्या मागितल्या. मी वरचे शेंडे तेवढे खुडले होते, सुतळी सोडलीच नव्हती. आता सोडली. दोन्हींत लाल देठ होते, दोन्हींत हिरवेही. बाजारासाठी बांधताना एक जुडी बारीक भरली की आई दुसरीतली मूठभर तिच्यात घालते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ते तसंच सांगितलं. सर हसले नाहीत. आकृती बदलू नका, कारण लिहा, एवढंच म्हणाले.

पुढे निकालात काठावर पास झाले; त्या दिवशी मात्र स्वतःला नापास धरूनच निघाले. द्वारका चौकात बस बदलून घरी पोचेपर्यंत आईला काय काय सुनावायचं ते जुळवत होते.

ती दारातच उभी होती. "गावठीची जुडी लय बारीक दिसत व्हती. मास्तर म्हनतील, पोरीनं काय आणलं. म्हून दोन्ही मिसळून सारख्या केल्या. कमी नाय ना पडली?"



"नाही," मी म्हणाले. "पुरली."