अबुधाबीच्या स्टेजवरचा जर्मन शिपाई

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे, अबुधाबीत नववीत शिकत असताना, मी अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलो. उत्तरेच्या बाजूने, जर्मनीहून आलेला शिपाई म्हणून. आणि तेही मराठीत.

त्या वर्षी इंटर-स्कूल ड्रामा कॉम्पिटिशन होती. हिस्ट्रीच्या मिस मूळच्या केरळच्या, आणि एखादी गोष्ट मनात भरली की वर्गभर फेऱ्या मारत सांगायच्या. त्यांनी सांगितलं, की त्या युद्धात कितीतरी शिपाई नुकतेच बोटीतून उतरलेले होते. जर्मन, आयरिश. दुसऱ्याच्या घरातलं भांडण, आणि लढायला हे!

नाटक त्यांनीच लिहिलं होतं. एक तरुण जर्मन. वडिलांची जमीन थोरल्या भावांत वाटली गेलेली, याच्या वाट्याला काही नाही. बोटीनं न्यूयॉर्कला येतो. बंदरावर ढोल वाजतोय, टेबल मांडलंय, टेबलावर कोट आणि बूट. दोन वेळचं जेवण मिळेल एवढं खुणांनी कळतं, आणि तो अंगठा उठवून मोकळा होतो. कुणाशी लढायचंय हे त्याला नंतर कळतं.

मिसनी विचारलं, "जर्मन कुणाला येतं?"

कुणालाच नाही.

"मग इथे सगळ्यात कमी जणांना कळते अशी भाषा ज्याची, तो शिपाई. कॅप्टनला तो कळत नव्हता, ऑडियन्सलाही कळता कामा नये."

मल्याळम अर्ध्या वर्गाला यायची. हिंदी सगळ्यांना. तमिळ, तेलुगू, उर्दू, सगळ्यांना जोडीदार होते. वर्गात मराठी मी एकटा. आयुष्यात पहिल्यांदा मला मेन रोल मिळाला.

मी उड्या मारतच घरी आलो. बाबा शहराबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात, एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की सोफ्यावर आडवे व्हायचे. त्या दिवशी झालेच नाहीत. "मराठीत लढाई? उभा राहा. बोल बघू."

माझी पंचाईत इथेच होती. घरी आई "जेवायला ये" म्हणायची आणि मी "कमिंग" म्हणायचो. मराठी मला कळायची सगळी, तोंडातून निघायची नाही. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही काय बोलून राहिले, मला समजत नाय."

बाबा हसून हसून लाल झाले. "अरे लेका, कॅप्टनपुढे उभा आहेस तू! आणि घाबरलेला आहेस. 'मला कळत नाही हो साहेब.' एवढंच. तो 'हो' सोडू नकोस, त्यात सगळं येतं."

मग रोज तालीम. ड्रिलचा सीन मला जमत नव्हता. इंग्रजी हुकूम कळत नसलेला माणूस करणार काय? बाबांनी त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. ते इथे पहिल्यांदा आले तेव्हा फोरमन दिवसभर ओरडायचा, "यल्ला! यल्ला!" अरबीत 'चला, आटपा'. बाबांना मात्र वाटलं, यल्ला हे कुणाचं तरी नाव असणार. बरेच दिवस ते मनात म्हणत राहिले, हा यल्ला भलताच आळशी दिसतो, सारखा ओरडा खातो.

"मग तुम्ही काम कसं केलंत?"

"शेजारच्याच्या हातांकडे बघून. तो वाकला की मी वाकायचो. तोंड कोरं ठेवायचं, डोळे मात्र सारखे फिरते."

दुसऱ्या दिवशी मी ड्रिलमध्ये तेच केलं. शेजारच्याच्या मागून अर्धा क्षण उशिरा वळलो, उशिरा बंदूक उचलली. मिस टाळ्या वाजवत ओरडल्या, "दॅट्स हिम! दॅट्स हिम!"

कोट आईनं केला, बाबांच्या जुन्या निळ्या बॉयलर सूटचा. त्याला पितळी बटणं लावली. बंदूक केली वर्कशॉपमधल्या काकांनी. हे काका साताऱ्याकडचे, वेल्डर, बाबांचे सुरुवातीच्या दिवसांतले रूममेट. लांब नळी, लाकडी दस्ता, वर काळा रंग. इतकी झकास झाली, की शाळेच्या गेटवर पठाण वॉचमननं मला अडवलं आणि माझ्यापासून चार पावलं लांबच उभा राहिला. बाबांना मुसफ्फाहून टॅक्सीनं यावं लागलं. "हबीबी, ड्रामा का है, ड्रामा का!" त्यांनी नळीच्या तोंडावर बोट टेकवून दाखवलं, ती पुढून वेल्ड करून बंद केलेली होती. तेव्हा कुठे वॉचमन पुढे आला. मग त्यानं ती स्वतःच खांद्याला लावून बघितली आणि खूश झाला.

कॉम्पिटिशन गुरुवारी दुपारी होती. हॉल खच्चून भरला. मागच्या रांगेत बाबा, आई आणि अर्धी सुट्टी टाकून आलेले काका.

पहिले सीन वाऱ्यासारखे गेले. बोट, ढोल, तंबूतली दगडासारखी बिस्किटं कॉफीत बुडवून खाणं. मग लढाई. गुडघ्यात गोळी लागून मी मक्याच्या शेतात पडतो. सगळे पुढे निघून जातात. मी पाणी मागतो, कुणाला कळत नाही. शेवटी करड्या कोटातला शत्रूचा एक शिपाई येतो, माझ्याकडे बघतो आणि न थांबता जातो. स्क्रिप्टमध्ये असं होतं.

मी पडलो. मी ओरडलो, "पाणी! कुणी आहे का हो? पाणी द्या!"

आणि मागून खणखणीत आवाज आला, "आणतो रे पोरा, दम धर!"

काका होते. उभेच राहिले होते. बाबा त्यांना शर्टाला धरून खाली ओढत होते. हॉलमध्ये हशा उसळला. खलास, नाटक गेलं. पण मला आडवंच राहायचं होतं, म्हणून मी त्याच दुखऱ्या आवाजात म्हणालो, "लवकर या हो. लई लांब आहात तुम्ही."

हशा थांबला. का ते मला तेव्हा कळलं नाही; हॉलमधले सगळेच घर लांब ठेवून आलेले होते.

तेवढ्यात करड्या कोटातला शिपाई आला. दुसऱ्या डिव्हिजनमधला मल्याळी मुलगा. तो जायला निघाला, आणि थांबला. मागे वळला. गुडघ्यांवर बसला, कमरेची बाटली काढली आणि माझं डोकं उचलून मला पाणी पाजलं. खरं पाणी! नाकात गेलं, ठसका लागला. तो हळूच मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला. मला एक अक्षर कळलं नाही आणि मी मराठीत म्हणालो, "उपकार झाले." टाळ्या इतक्या वाजल्या, की पुढचा हॉस्पिटलचा सीन सुरू करायला थांबावं लागलं.

त्या सीनमध्ये जर्मन शिपायाचा पाय जातो. युद्ध संपतं. तो एका छोट्या गावात बेकरी टाकतो, आणि गिऱ्हाइकांशी मोडकं इंग्रजी बोलताना पडदा पडतो.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. जज म्हणाले, स्क्रिप्ट सोडली. मिस आधी रागावल्या, मग विंगेत त्या मल्याळी मुलाला आणि मला दोघांना एकदम मिठी मारली. वर "यू इडियट्स" म्हणाल्या.

नंतर आम्ही सगळे, तो करड्या कोटातला शत्रूसुद्धा, समुद्रकाठच्या कॉर्निशवर शावरमा खायला गेलो. मी निळा कोट काढायला तयार नव्हतो. गाडीवाले हॉर्न वाजवून हात करत होते. काका माफी मागत होते आणि तिसरा शावरमाही संपवत होते.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "तो शिपाई... घरी परत गेला का रे पुढे?"

मिसनी नाटकात ते लिहिलंच नव्हतं. मी विचार केला आणि सांगितलं, "नाही बाबा. पण त्यानं धाकट्या भावाला तिकडे बोलावून घेतलं."

इतकं लांब वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदाच एका दमात मराठीत बोललो होतो. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं केलं. बेकरी एकट्याला झेपत नाही."