मोटारीला कान लावणारा मिस्त्री

"श्वास धरा सगळे!" असं म्हणून तो बॉनेटमध्ये डोकं घालायचा आणि आम्ही खरोखरच श्वास धरायचो. मी, डॉक्टरीणबाई, औषधासाठी बाकावर बसलेले पेशंट, रस्त्यानं जाता जाता थांबलेला टांगेवाला, सगळेच. इंजिन धडधडत असायचं. एवढ्या गोंगाटात आमच्या श्वासानं काय बिघडणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका म्हाताऱ्याला नेमकी तेव्हाच खोकल्याची ढास लागली. मिस्त्रीनं डोकं बाहेर काढलं आणि अगदी कळवळून विचारलं, "आजोबा, ह्यो आवाज गाडीचा का तुमचा, ते मी कसं वळकू?"

सोलापुरातल्या बाईंच्या दवाखान्यात मी तेव्हा कंपौंडर होतो. बाई बाळंतपणाच्या डॉक्टर. परत विलायतेला निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी जुनी, कापडी टपाची मोटार घेतली होती आणि ती त्या स्वतः चालवायच्या. बाई मोटार चालवते हे बघायला लोक जमायचे आणि मोटार बंद पडली की ती ढकलायला तेच लोक उपयोगी पडायचे.

त्या मोटारीची तऱ्हाच वेगळी होती. पेट्रोलची टाकी मागे, खालच्या अंगाला, इंजिन पुढे. मधे एक पितळी डबा होता. इंजिनच्या ओढीनं तो नळीतून पेट्रोल वर खेचून घ्यायचा. नळीला कुठे सुईएवढं भोक पडलं, एखादा सांधा जरा ढिला झाला, की पेट्रोलऐवजी नुसती हवा आत यायची आणि मोटार दम लागल्यासारखी थांबायची. "त्याल भायेर येतंय ते डोळ्याला दिसतं की," मिस्त्री म्हणायचा. "हवा आत घुसती ती कुनाच्या बापाला दिसत न्हाय. म्हून कान पायजे." मग रबरी नळीचं एक टोक तो कानात घालायचा, दुसरं टोक सांध्यासांध्यावरून फिरवायचा आणि एका जागी थांबून असा खुदकन हसायचा, की जणू मोटारीनं त्याला चावट काहीतरी सांगितलंय.

तो कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. इंजिनं मोठी, साहेब त्याहून मोठे, तिथे आपलं कुणी ऐकत नाही, म्हणून सोडून आला, असं सांगायचा. शरीरानं पाप्याचं पितर. टोपी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. खिशात पिवळ्या साबणाचा गोळा कायम. पेट्रोलनं साबण विरघळत नाही, म्हणून बोलता बोलता तो गोळा अंगठ्यानं मळायचा आणि नळीच्या चिरेत भरून वरून सुतानं आवळायचा. त्याची बायको एकदा दवाखान्यात आली ती तक्रार घेऊनच. "घरात कापडं धुवाया साबन ठरत न्हाय, बाईसाहेब! आन् गावच्या मोटारी बघा कशा न्हाऊनमाखून हिंडत्यात!"

साबणानं भागलं नाही, तर त्याची नजर लोकांच्या पायांकडे जायची. "जरा वहाण बघू," तो म्हणायचा. सांध्यात बसवायला चामड्याचा वायसर लागायचा. माझ्या कोऱ्या वहाणेचा कान त्यानं असाच कापला, तोंडानं तिची स्तुती करत. "काय कातडं हाय, कंपौंडरसाहेब! लई झ्याक!" ती वहाण मी पुढे वर्षभर फटकफटक ओढत वापरली.

पण मोहोळकडच्या त्या दुपारी तुम्ही तिथे असायला हवं होतं.

मोहोळच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एक माणूस सकाळच्या आगगाडीनं आला. त्याची भावजय दोन दिवस अडली होती. परतीच्या गाडीला संध्याकाळ होणार. बाईंनी बॅग उचलली, मला हाक मारली आणि मिस्त्रीला बोलावणं धाडलं. लांब जायचं तर त्याला बरोबर घेणं भागच असे. तो पुढे बाईंच्या शेजारी बसला. मी आणि तो दीर मागे.

मोहोळ ओलांडलं आणि तीनचार मैलांवर मोटार आचके देऊन थांबली. मिस्त्रीनं उडी मारली, कान लावला. या खेपेला हसला नाही.

"डब्याचं झाकनच तडकलंय. हितं साबन काय करनार?"

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"सोलापूरला आसतो तर दोन तास. हितं..." त्यानं आजूबाजूच्या ज्वारीकडे पाहिलं.

दीर खाली उतरला आणि एकदम रस्त्यातच बसला. वस्ती अजून सहा मैल होती. बाईंनी पदर खोचला, चालायची तयारी केली आणि मला बॅग काढायला सांगितली. घाईत ती माझ्या हातातून निसटली आणि उघडली. त्यातून एनिमाचं पांढरं भांडं, त्याच्या लांब रबरी नळीसकट, गडगडत मिस्त्रीच्या पायाशी गेलं.

त्यानं ते उचललं. भांडं बघितलं, नळी बघितली, इंजिन बघितलं. आणि तो नाचायला लागला. अतिशयोक्ती करत नाही मी. भर रस्त्यात एका पायावर गिरकी घेतली त्यानं.

"बाईसाहेब, पेट्रोल वर वढायचंच कशाला? आपनच वरनं सोडू की!"

नळीचं टोक त्यानं थेट कार्ब्युरेटरला जोडलं, सुतानं आवळलं. जादा पेट्रोलचा पत्र्याचा डबा मागे होताच, त्यातून भांडं भरलं. मग बॉनेटची एक बाजू काढून मागे टाकली, पुढच्या मडगार्डवर उकिडवा बसला, एका हातानं मोटारीचा दिवा धरला आणि दुसऱ्या हातानं भांडं आभाळात धरलं.

"चला! खड्डं चुकवा फकस्त!"

मोटार निघाली. बाईंनी मान बाहेर काढून विचारलं, "मिस्त्री, पेशंट कसा आहे?"

"पळतोय की, बाईसाहेब!"

ती मोटार तशी कधीच पळाली नव्हती. शेतातली माणसं बांधावर धावत आली. बैल बुजले. एका बाईनं आम्हाला चक्क हात जोडले. कोणता देव चालला आहे असं तिला वाटलं, ते तिलाच ठाऊक. भांडं रिकामं होत आलं की मिस्त्री ओरडायचा, आम्ही थांबायचो, मी भरायचो, पुन्हा निघायचो. खड्डा आला की पेट्रोल हिंदकळून त्याच्या टोपीवर सांडायचं आणि तो "आयला, आंगूळ झाली!" म्हणून खिदळायचा. मला हसू आवरेना. तो दीरसुद्धा हसला. हसता हसता डोळे पुसत होता.

वस्तीवर बाई आणि मी आत गेलो. चिमटा लावून मूल काढावं लागलं. मुलगी झाली, पण निळी पडलेली. रडेना. बाई तिच्या तोंडात फुंकर घालत होत्या, पाठ चोळत होत्या. मग ती मुलगी एवढ्या मोठ्यानं रडली की कोंबड्या उडाल्या.

मी बाहेर आलो. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. त्याचा उजवा हात अजून वरच होता. इतका आखडला होता की खाली येईना, आणि घरातली म्हातारी त्याला गोडं तेल चोळत होती.

"घेतली का हवा?" त्यानं विचारलं.

"घेतली."

"ब्येस! आत गेल्याली हवा आज पैल्यांदा गोड लागली बगा," तो म्हणाला आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. म्हातारीनं आणि मी जोर लावून त्याचा हात खाली आणला.

पुढे दोनेक वर्षांनी अकलूजकडे साखर कारखान्यात त्याला इंजिनांवर काम मिळालं. बाई आणि मी त्याला निरोप द्यायला मोटार-स्टँडवर गेलो. बायको, ट्रंक, वळकटी, सगळं उतारूंच्या सर्व्हिस मोटारीत चढलं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मिस्त्रीनं मान तिरकी केली.

"थांबा!" तो उतरलाच. "खाली ओल बघा की. गळतंय."

उतारू ओरडले. ड्रायव्हर संतापला. बायको आतून म्हणाली, "आवो, लोकाच्या गाडीत कशाला हात घालता?" तो पाऊण तास मोटारीखाली उताणा पडून होता, आम्हाला दिसत होते फक्त त्याचे पाय. बाहेर आला तेव्हा उशीर इतका झाला होता की ड्रायव्हरनं त्याला जवळजवळ उचलूनच आत टाकलं. आम्हाला नमस्कार करायचंही राहिलं. खिडकीतून एक काळा हात बाहेर आला, हलला, आणि मोटार वळणापलीकडे गेली.

तो पुन्हा सोलापूरला आला नाही. बाईंनी आपली जुनी मोटार वर्षभरात विकली.

त्या दिवशी स्टँडवर मात्र आम्ही दोघं थोडा वेळ तसेच उभे होतो. मोटार जिथे उभी होती तिथली ओल उन्हानं वाळत चालली होती. बाई वाकल्या आणि निरखून पाहू लागल्या. वळणापर्यंत सगळी धूळ कोरडी होती. एक थेंबसुद्धा पडला नव्हता.