रेंज नसलेल्या गावातला टँकर

तापलेल्या पत्र्यावर पाणी सांडल्यावर येणारा गंजकट वास आला, की मला शिरूर अनंतपाळकडचं एक गाव आठवतं. दुष्काळ होता. लातूरच्या आमच्या छोट्या कंपनीनं टँकरच्या खेपा नोंदवायचं ॲप केलं होतं. कंपनी वाढली, पुण्याहून नवे टेक्निकल हेड आले, आणि खोट्या खेपा थांबाव्यात म्हणून त्यांनी ठरवलं, की गावात पोचल्यावर ॲपनं होकार दिला तरच टँकर रिकामा करायचा. "तिकडं रेंज नसते," मी मीटिंगमध्ये म्हणाले. "अपवाद ठेवले की सिस्टिम मोठी होत नाही," ते शांतपणे म्हणाले. पुढं एका दुपारी मी त्या गावच्या विहिरीपाशी उभी होते. टँकर भरलेला, बायका घागरी घेऊन थांबलेल्या, आणि ड्रायव्हरच्या फोनवर लोडिंगचं चक्र नुसतं फिरत होतं. "मॅडम, होकाराबिगर कॉक खोलला तर माझी गाडी बंद करतेत," तो म्हणाला. एका म्हातारीनं माझा हात धरला. "माय, पानी तर दारात आलंय, मग कुणाला इचारायलाव?" शेवटी रेंजसाठी त्यानं टँकर माळावरच्या रस्त्याकडं वळवला. झाकणातून पाणी सांडत गेलं आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन त्याच्यामागं चालायला लागल्या. त्यांच्यामागून मीही. आता त्या हेडच्या खुर्चीत मी बसते. परवा टीममधल्या एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तिथं रेंज नसेल तर?" दुसरं उत्तर खूप शोधूनही माझ्या तोंडी त्या जुन्या हेडचंच वाक्य आलं, "अपवाद ठेवले की सिस्टिम मोठी होत नाही."