ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला वाचून दाखवा

चिखलीत बसस्टँडपासून थोडं पुढे माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. परीक्षा जवळ आल्या की निबंधांची पुस्तकं दाराशीच रचून ठेवावी लागतात, कारण आत शोधत बसायला कुणाला वेळ नसतो. 'माझी आई', 'शेतकऱ्याचे मनोगत', 'पाऊस पडला नाही तर', सगळं एकाच पुस्तकात तयार मिळतं. पोरं पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि पास होतात. यात कुणाचं काय बिघडतं हे मला अजून कळलेलं नाही. आणि दुकानावरचा हॉल मी दिला कुणाला, तर पहिल्याच रविवारी पोरांना, "खाली काकांकडे मिळतं ते पुस्तक वाचलं असेल तर विसरून जा," असं सांगणाऱ्या बाईला. जिन्यात उभं राहून मी हे ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली.

ही बाई म्हणजे मंजुश्री सरकटे. मूळची डोणगावची, वय तिशीच्या आसपास, आवाज इतका हळू की पंखा चालू असला तर पोरांना पुढे सरकून बसावं लागतं. हैदराबादला मोठ्या विद्यापीठात शिकली. तिकडेच नोकरी करून सुखात राहिली असती, पण परत आली. आठवडाभर इथल्या एका संस्थेत काम करते आणि रविवारी बाहेरगावच्या विद्यापीठांचे अर्ज भरणाऱ्या पोरापोरींकडून निबंध लिहून घेते. त्या विद्यापीठांना नुसते मार्क पुरत नाहीत. तुम्ही कोण आहात, तुम्हाला पुढे का शिकायचंय, हे तुमच्या शब्दांत लिहून मागतात. आमच्याकडच्या हुशार पोरांचीही गाडी तिथंच अडते. आधी मराठीत लिहायचं, ते जमलं की इंग्रजीत, असा तिचा क्रम.

तिची शिकवण्याची तऱ्हा मला आधी आळशीपणाची वाटली. लाल पेन नाही, फळ्यावर मुद्दे नाहीत. पोरगं निबंध वाचणार, ही डोळे मिटून ऐकणार आणि शेवटी विचारणार, "यातलं तुझं नाव काढून शेजारच्याचं टाकलं तर चालेल का?" पोरगं खाली मान घालून म्हणायचं, "चालेल." मग ती म्हणायची, "मग हा त्याला देऊन टाक. तुझा तू लिहून आण."

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. ज्या माणसाबद्दल लिहिलं, त्याला तो निबंध समोर बसवून, नाहीच जमलं तर फोनवर, वाचून दाखवायचा. त्या माणसानं ऐकलं नाही तर निबंध पुढे जाणार नाही. हा एकच नियम, पण त्यात ती तसूभर हलायची नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते तिनंच एकदा पोरांना सांगितलं. हैदराबादच्या अर्जात तिनं आपल्या आईबद्दल लिहिलं होतं. आई रात्र रात्र उपाशी राहिली, दुसऱ्यांच्या शेतात राबली, तेव्हा कुठे मी शिकले, असं. निवड झाली. सुटीत घरी आल्यावर मोठ्या हौसेनं तिनं तो निबंध आईला मराठीत सांगितला. आई, म्हणजे बेबीताई, अंगणवाडीत मदतनीस. गावातल्या निम्म्या पोरांना तिनं आपल्या हातानं भरवलेलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मी कवा उपाशी निजली वं? हे कोनाच्या मायची गोष्ट सांगून राह्यली तू?" त्यानंतर ती लेकीशी धड बोलेना. "माझ्या आईनं जे केलं ते मी लिहिलंच नव्हतं," मंजुश्री म्हणाली. "लोकांना आवडेल अशी एक आई मी तयार केली होती." एवढं बोलून तिनं पुढच्या पोराला वाचायला लावलं.

नियमामुळे हॉलवर मजाही व्हायची. गोकुळ नावाच्या एका पोरानं आजीवर लिहिलं होतं. आजी रोज रात्री मांडीवर घेऊन गोष्टी सांगायची, तिच्या सुरकुतलेल्या हातांत जगाचं शहाणपण होतं वगैरे. आजी झुंबरबाई स्वतः आल्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. "म्या कवा गोष्ट सांगतली रे बाप्पा? रातीले तर मले सिरियल पाहाची रायते." सगळा हॉल हसला, गोकुळ सोडून. पुढच्या रविवारी त्यानं आणलेल्या निबंधात आजी आणि तो रिमोटवरून भांडत होते. आजी हरल्यावर रुसून त्याच्या ताटात मुद्दाम कमी भाजी वाढत होती. झुंबरबाई डोळ्याला पदर लावून हसल्या. मीही हसलो. ते पोरगं मला पहिल्यांदाच ओळखीचं वाटलं.

आता पूनमची गोष्ट. साखरखेर्ड्याचे निवृत्तीभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. दोन्ही मुलींची पुस्तकं पहिलीपासून माझ्याकडूनच न्यायचे. जमीन चांगली, विहिरीला पाणी, स्वतःचा ट्रॅक्टर, गेल्या वर्षी बांधलेलं नवं घर. थोरली काजल देऊळगावराजाला दिलेली. धाकटी पूनम बारावीला. तिला बेंगळुरूच्या एका विद्यापीठात शिकायचं होतं आणि त्यासाठी ती रविवारी हॉलवर यायची. बापाची परवानगी होती म्हटलं तर होती. ते म्हणाले होते, "तू अर्ज तर भर, मंग पाहू."

एका रविवारी निवृत्तीभाऊ सोयाबीन घेऊन चिखलीला आले होते. पूनमनं बापावरच लिहिलंय हे कळल्यावर मी त्यांना कौतुकानं वर घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट घातलेले निवृत्तीभाऊ पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. पूनम वाचायला लागली. माझे वडील अल्पभूधारक शेतकरी. त्यांच्या पायात फाटकी चप्पल. कर्जाच्या ओझ्यानं वाकलेला त्यांचा कणा. आमच्या गळक्या छपराखाली मी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला.

निवृत्तीभाऊंनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं. नवे कोरे सँडल होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच लिहून दिलंय.

"काऊन वं पूनम, आपलं छप्पर कोठी गळून राह्यलं? मागच्या सालीच तर स्लॅब टाकला."

"पप्पा, सगळे असंच लिवतात," पूनम पुटपुटली. "गरीब असलं का घेतात म्हने."

"अन् मी कोनाचा पैसा बुडोला? उद्या कोनी गावात इचारलं तर मी काय सांगू?" ते रागावले नव्हते, त्यांना लागलं होतं. उठून दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "खरं लिव ना. आपल्याकडं लपवासारखं हाय तरी काय? पुढच्या रविवारी मी ऐकाले येतो." आणि ट्रॅक्टरकडे गेले.

पूनम मात्र रडायला लागली. मंजुश्रीनं तिला पाणी दिलं. पोरीनं सगळं सांगितलं. खरं लिहायचं तर काजलताईबद्दल लिहावं लागणार. आपल्याहून हुशार बहीण बारावीनंतर घरी बसली, तिचं लग्न झालं, म्हणून तर मला शिकायचंय. पण हे पप्पांसमोर कसं वाचू? त्यांच्या मनाला लागलं तर ते जाऊच देणार नाहीत. मे महिन्यात मलाही पाहायला पाहुणे येणार आहेत. म्हणून तर गळकं छप्पर लिहिलं.

"मग दुसरं काही लिही," मंजुश्री म्हणाली. "आईवर लिही, ट्रॅक्टरवर लिही. पण काजलताईचं लिहिलंस तर वाचावं लागेल."

पोरं गेल्यावर मी मंजुश्रीला चांगलंच झापलं. "तुझ्या नियमापायी त्या पोरीचं शिक्षण बसलं तर काय करशील? गुपचूप पाठवून दे ना तो निबंध. बेंगळुरूवाले काय साखरखेर्ड्याला येऊन विचारणार आहेत?"

तिनं चष्मा ओढणीला पुसला. "काका, निबंधानं जागा मिळेल. पण घरातून निघायचं तर बापाशी बोलावंच लागेल ना तिला? मग ते आता का नको?"

जिना उतरताना मी तिला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. तो आठवडाभर माझं दुकानात लक्ष नव्हतं. अर्जाची मुदत संपत आली होती, आणि लहानपणी माझ्या काउंटरवर बसून चित्रांची पुस्तकं उलटणारी ती पोरगी सारखी डोळ्यांसमोर यायची.

रविवारी निवृत्तीभाऊ सांगितल्याप्रमाणे आले. त्याच खुर्चीवर बसले. मी दुकान नोकरावर सोपवून वर गेलो. पूनम कागद घेऊन उभी राहिली. तिनं एकदाही वर न पाहता वाचायला सुरुवात केली.

"मला गणित काजलताईनं शिकवलं. सोयाबीन भरून आलेली ट्रॉली रिकामी झाली की तिच्या फळीवर धूळ बसलेली असायची. ताई त्या धुळीत बोटानं समीकरणं लिहायची आणि मी सोडवायची. चुकलं की ती तळहातानं फळी पुसायची आणि म्हणायची, पुन्हा. बारावीत ती कॉलेजात पहिली आली. पप्पांनी गावभर पेढे वाटले. त्याच आठवड्यात पाहुणे आले. आमच्या घरात तिच्या शिक्षणाला कुणीच नाही म्हटलं नाही. पप्पांनी तर कधीच नाही. कॉलेजच्या प्रवेशाची शेवटची तारीख आली तेव्हा आम्ही सगळे साड्या पाहत होतो आणि ती तारीख कुणीच बोलून दाखवली नाही. मीसुद्धा. मला नवा ड्रेस मिळणार होता. नाही म्हणणारं कुणी असतं तर ताई त्याच्याशी भांडली असती. मला पुढे का शिकायचं आहे, असं तुम्ही विचारलं आहे. कुणी नाही न म्हणता एका मुलीचं शिक्षण कसं थांबतं, हे मला समजून घ्यायचं आहे."

वाचून झालं. निवृत्तीभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मला वाटलं, आता उठतात आणि पोरीला घेऊन जातात. मंजुश्री अजून डोळे मिटूनच बसली होती. त्या क्षणी मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली.

"एक राह्यलं याच्यात," निवृत्तीभाऊ म्हणाले. "मी मोटर खोलून बसलो होतो विहिरीवर. काजल चहा घेऊन आली. म्हने, पप्पा, कॉलेजचं काय करावं? मी म्हनलो, पाहू." त्यांनी पूनमकडे पाहिलं. "मले तवाच माहीत होतं, पाहाचं काही नाही. हे लिव त्याच्यात."

पूनमनं लिहिलं नाही. ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग त्यांनी मंजुश्रीला विचारलं, "ताई, ज्याच्याबद्दल लिवलं त्याले वाचून दाखवा लागते ना? हे तर काजलचं हाय सारं. तिले दाखोलं का?"

मंजुश्रीनं मान हलवली. "नाही काका. ते राहिलं."

पूनमनं आपल्या मोबाइलवरून काजलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे लहान मूल रडत होतं, भांडी वाजत होती. "ताई, मी निबंध लिवला, तुह्यावर. ऐक," एवढंच पूनम म्हणाली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागली. हळूहळू पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मूलही गप्प झालं, बहुतेक तिनं कडेवर घेतलं असावं.

वाचून झाल्यावर काजल हसल्यासारखं बोलली. "ट्रॉलीचं तुले अजून आठवते वं?" मग तिचा आवाज खाली आला. "लय चांगलं लिवलं तू. पन पूनम, माह्यं आयक. पप्पाले हे नको वाचून दाखू. ते लय मनाले लावून घेतीन."

मला माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांची लाज वाटली, इतकं भरून आलं. एवढी वर्षं काजल हे एकटी सांभाळत होती, आणि अजून काळजी करत होती ती बापाचीच.

निवृत्तीभाऊंनी हात पुढे करून फोन घेतला. "काजल. मी हितंच हाव. आयकलं मी."

पलीकडे मूल पुन्हा कुरकुरलं.

"त्या दिवशी विहिरीवर मी तुले पाहू म्हनलो होतो," ते म्हणाले.

"हाव, पप्पा. मले याद हाय."

मग काजलनं विचारलं, "मंग आता पूनमचं काय?"

निवृत्तीभाऊंनी तोंड उघडलं. तोच जुना शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, मी समोरच बसलो होतो, मला तो दिसला. त्यांनी तो गिळला. कपाळावरचा घाम पुसला.

"पूनम जाईन," ते म्हणाले. "मी सोता सोडाले जातो. तू बी चाल संगं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक झाली. काजलनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. फोन मात्र तिनं ठेवला नाही.