दोन पिवळ्या बोटी आणि सासूबाई

बदलापूरला बेलवलीत माझ्या सासूबाई एकट्या राहतात, तळमजल्यावर, नदीच्या बाजूला. मागच्या पुरात पाणी खिडकीला लागलं, लोकांना काढायला आलेली बोट थेट दारात थांबली आणि बाईंनी तिच्यात बसायला साफ नकार दिला. पाणी उतरेपर्यंत माळ्यावर बसून राहिल्या. का, विचारलं तर तोंड फिरवायच्या. आमच्याकडे अंबरनाथला राहायलाही येईनात. पुन्हा पाणी आलं तर काय, या धास्तीनं आम्ही घरचीच बोट घ्यायचं ठरवलं, निदान तीत तरी बसतील म्हणून. शेजारी हसले. मला मात्र स्वतःची बोट येणार म्हणून आतून गुदगुल्या होत होत्या.

आनंदनगर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पाण्याच्या टाक्यांशेजारी फायबरच्या दोन छोट्या बोटी उभ्या होत्या. दोन्ही पिवळ्या, अगदी जुळ्या बहिणी. बायको आणि सासूबाईही सोबत आल्या होत्या. मी टकटक करून पाहिलं, वाससुद्धा घेतला. शेवटी आडवा होऊन खाली डोकावलो तेव्हा फरक सापडला. एकीचा तळ सपाट होता, दुसरीचा मधोमध निमुळता.

"साईं, ये टोकवाली लो," शेडचे मालक शेठ म्हणाले. उल्हासनगरचे सिंधी, त्यामुळे अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "खाडीत लाटा कापत जाते. एकदम हिरो!"

हिरो म्हटल्यावर मी कसला थांबतो! शेडमध्ये पाणी नव्हतं, म्हणून बोटी पाण्यातल्यासारख्या डुलाव्यात यासाठी शेठनी दोन्ही बोटींखाली ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा घालायला लावल्या. मी टोकवालीत चढलो, कमरेवर हात ठेवून पुढं उभा राहिलो, कामगारांनी बोट जरा हलवली आणि मी धाडकन आत आडवा.

"अहो, कोरड्यात बुडालात!" बायको म्हणाली.

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. दोन कामगार त्यांना चढवायला पुढं झाले, तसं हसू थांबलं.

"हात नको लावू! मी काय तांदलाचा पोता हाय? त्या दिवशी पन चार गडी मना उचलाला आलते. सगला गाव बघत व्हता."

"आय, एवढ्यासाठी माळ्यावर बसलीस?" बायकोनं विचारलं.

सासूबाई स्वतःच पुढं झाल्या. टोकवालीच्या काठाला हात लावला, तर ती त्यांच्याच अंगावर कलली. मग सपाट तळाच्या बोटीकडे गेल्या, पाठमोऱ्या झाल्या आणि घरच्या ओट्यावर टेकावं तशा काठावर टेकल्या. लुगडं सावरलं. एक पाय आत, मग दुसरा. बोट जेमतेम दबली.

"अम्मा, पण ही लाटा नाही कापत," शेठ म्हणाले.

"माज्या दारान कंच्या लाटा येतान रं?"

मग मला मागची फळी दाखवत म्हणाल्या, "बसा तथं, जावयबापू. वल्हा धरा. पानी आला का मी येन."

मी मुकाट वल्हं घेऊन बसलो. टोकवालीकडं एकदा चोरून बघितलं, एवढंच.